वाटसरूचे ओझे : प्रवासाला काय घ्यावे, या प्रश्नाचा इतिहास

१/
सावंतवाडीहून गोव्याकडे निघालेला रस्ता इन्सुलीचा घाट उतरतो, बांद्याला तेरेखोल नदी ओलांडतो आणि पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरतो. याच वाटेवर इन्सुलीचा तपासणी नाका आहे. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या थांबवून राज्य उत्पादन शुल्क खात्याचे कर्मचारी तेथे एकच प्रश्न विचारतात : आत काय आहे?

इतिहासाच्या अभ्यासकानेही प्रत्येक वाटसरूला हाच प्रश्न विचारावा. माणूस घर सोडताना काय उचलतो आणि काय मागे ठेवतो, यावरून त्याच्याविषयी जितके कळते, त्याहून अधिक त्याच्या वाटेविषयी कळते. आजचा #धागा त्या ओझ्याविषयी.

२/
डोंगरात चार दिवस राहायला निघालेला तरुण आज विचारतो, "पाठपिशवीत काय काय भरू?" त्याला उत्तर म्हणून वस्तूंची यादी मिळते : तंबू, विजेरी, चाकू, औषधे. यादी उपयोगाची असतेच. मात्र जुन्या प्रवासांकडे पाहिले की एक सूत्र हाती लागते. वाटेवर ज्या गोष्टीचा भरवसा नाही, ती माणूस पाठीवर घेतो. ज्या गोष्टीचा भरवसा आहे, ती तो घरी ठेवतो. म्हणजे सामानाची प्रत्येक यादी ही एका अर्थी भरवशाचा हिशेब असते. हा हिशेब चुकला तर काय होते, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

३/
आरंभ घराजवळून करू. दक्षिण कोकणातून घाटमाथ्यावर जाण्याच्या वाटा जुन्या. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल रामघाटाने बेळगावकडे चढे. पुढे आंबोलीच्या घाटातून गाडीरस्ता झाला. या वाटांवर लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून वर नेत आणि धान्य घेऊन खाली येत. लमाणांचे घर तांड्याबरोबरच चाले. मुक्कामाच्या गावात आपल्याला कोणी छप्पर देईल हा भरवसा त्यांना नव्हता, म्हणून बायकामुले, भांडीकुंडी, कुत्री असा अवघा संसार वाटेवर असे.

४/
गावातून एकदोन दिवसांसाठी निघणाऱ्या कोकणी माणसाचे सामान याच्या अगदी उलट. कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. खांद्यावर कांबळे. फडक्यात बांधलेली शिदोरी. कनवटीला किंवा चंचीत पानसुपारी आणि जमल्यास चकमक. रात्र पडली तर सुक्या चुडतांची चूड पेटवायची. ती विझत आली की पुढच्या गावात दुसरी मागून घ्यायची.

एवढेच. मात्र यातली प्रत्येक वस्तू पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने पारखलेली होती.

५/
कांबळ्याचेच पाहा. ते घाटावरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे. कोकणच्या दमट हवेत मेंढी नीट पोसत नाही, म्हणून ते विकत घ्यावे लागे आणि जपावे लागे. भिजलेले सुती कापड अंगातली ऊब शोषून घेते. लोकर मात्र भिजली तरी बरीच ऊब टिकवून धरते. पावसात त्याच कांबळ्याची खोळ, रात्री तेच अंथरूण, थंडीत तेच पांघरूण.

शेतात इरले असे : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन. खोळ आणि इरले या दोहोंचा समान गुण असा की हात मोकळे राहतात. छत्री एक हात अडकवते. निसरड्या घाटात तो हात मोलाचा असतो.

६/
आग, धार आणि आच्छादन ही तीन सूत्रे किती जुनी आहेत? १९९१ साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात बर्फात गोठलेला एक मृतदेह सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा निघाला. 'ओत्झी' हे त्याचे आज रूढ झालेले नाव. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, गारगोटीचा सुरा होता, गवताचे विणलेले आच्छादन होते. भूर्जाच्या सालीच्या डब्यात हिरव्या पानांत गुंडाळून त्याने निखारे नेल्याच्या खुणाही मिळाल्या. कोयता, कांबळे आणि चूड घेऊन निघालेल्या कोकणी वाटसरूने ते सामान पाहिले असते, तर त्यातल्या बहुतेक वस्तूंचा उपयोग त्याला न सांगता कळला असता.

७/
आता विसाव्या शतकात या. अमेरिकेतील सिएटल शहरात १९०६ साली स्थापन झालेल्या 'माउंटेनियर्स' या गिर्यारोहण संस्थेने १९३० च्या दशकात नवशिक्यांना शिकवताना 'दहा आवश्यक वस्तूं'ची यादी रूढ केली. नकाशा, होकायंत्र, उन्हाचा चष्मा, जादा कपडे, जादा अन्न, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, काडेपेटी, आग पेटवण्याचे साधन आणि चाकू. जगभरच्या डोंगरभटक्यांच्या याद्या पुढे हिच्याच आधारे तयार झाल्या.

या मूळ यादीत पाणी नव्हते. त्या प्रदेशातल्या डोंगरांत बर्फ आणि झरे मुबलक, तेव्हा वाटेवर पाणी मिळेल हे गृहीतच होते. भरवसा असलेली वस्तू यादीतून गळते, ती अशी. हे पाणी लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

८/
आपल्याकडे भरवशावर चालणाऱ्या प्रवासाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नर्मदा परिक्रमा. परिक्रमावासी शेकडो कोस चालतो, पण त्याच्याजवळ कमंडलू, दंड आणि एखादे पांघरूण यांपलीकडे फारसे काही नसते. कारण काठावरच्या गावांत सदावर्ते आहेत. पीठ, डाळ, मीठ तेथे मिळते. ते देणे हा गावाचा धर्म आणि घेणे हा परिक्रमेचा नियम. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' याच परिक्रमेच्या अनुभवातून उभी राहिली आहे. परिक्रमावासी हलका चालतो, कारण त्याचे ओझे काठाने आधीच उचललेले असते.

९/
हा भरवसा तुटला की काय होते, ते विष्णुभट गोडसे यांना विचारावे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरावरचे कर्ज फेडण्याच्या आशेने १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता होती. वाटेत यजमान भेटतील, दक्षिणा मिळेल, राहण्याजेवणाची सोय होईल हा भिक्षुकाचा पिढीजात भरवसा होता आणि एरवी तो खोटाही नव्हता. पण महूजवळ पोहोचताना बंडाची बातमी आली आणि सगळ्या वाटांचे स्वरूपच पालटले.

१०/
पुढे ते झाशीला राहिले, वेढा पाहिला, शहराची लूट पाहिली. मिळवलेले द्रव्य त्या धामधुमीत हातचे गेले. दोनअडीच वर्षांच्या वणवणीनंतर ते घरी परतले, तेव्हा आणलेल्या ऐवजात सर्वांत मोलाची होती ती आईवडिलांना स्नान घालण्यासाठी वाहून आणलेली गंगेची कावड.

पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. सोनेनाणे लुटणारे वाटेवर बरेच होते. पाण्याच्या कावडीचा लोभ त्यांतल्या कोणाला धरावासा वाटला नसावा.

११/
एका माणसाचे झाले. हजारो माणसे एकदम निघतात तेव्हा ओझ्याचा प्रश्न राज्याचा प्रश्न होतो. शिवछत्रपतींच्या लष्कराविषयी सभासदाने दिलेली व्यवस्था या दृष्टीने वाचावी. पावसाळ्याचे चार महिने छावणी, दसऱ्याला कूच, पुढचे आठ महिने परमुलखात. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण न्यायची नाही. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद व्हायची आणि परतल्यावर झाडा घेतला जायचा. सैनिकाच्या सामानाची यादी हे तेथे सरकारी दफ्तर होते.

१२/
हे सैन्य हलके होते ते निष्काळजीपणाने नव्हे. मागे किल्ले होते, किल्ल्यांवर अंबारे होती, छावणीत दाणावैरण साठवलेली होती. १६७० च्या दशकात चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराला महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मतितार्थ असा : पावसाळ्यासाठी जमवलेली वैरण आणि दाणा आताच मनमानेल तसा उधळलात तर ऐन पावसात काही उरणार नाही; घोडी मरतील आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलू लागाल.

उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेल्याने गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईने त्यात सूचना आहेत.

१३/
या पत्रातला विचार आजच्या भटक्यानेही मनात ठेवावा असा आहे. आपल्याजवळची शिदोरी संपली तरी भूक थांबत नाही. ती दुसऱ्याच्या घराकडे वळते. हलके चालणाऱ्याचे दोन प्रकार असतात. एकाची सोय आधी लावलेली असते, दुसरा ती वाटेतल्यांकडून ओरबाडून घेतो. पुढे पेंढाऱ्यांच्या टोळ्याही हलक्याच फिरत. त्यांच्या हलकेपणाची किंमत गावांनी मोजली.

१४/
याचे दुसरे टोक म्हणजे पानिपत. १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर लढवय्यांखेरीज फार मोठे बुणगे होते : कुटुंबे, नोकरचाकर, बाजारकरी आणि मोठ्या फौजेच्या आश्रयाने उत्तरेतली तीर्थे घडतील म्हणून निघालेले यात्रेकरू. कुटुंबे आणि जड सरंजाम जाटांच्या किल्ल्यांत ठेवून सडे व्हावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचे वृत्तांतांतून सांगितले जाते. ते झाले नाही.

१५/
दिल्लीकडे परतण्याच्या वाटा अब्दालीने रोखल्या, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली. पानिपतच्या छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली, तेव्हा लढाईची आखणीच या बुणग्यांना गोलाच्या आत सांभाळत वाट काढण्याची होती.

ज्यांनी सामान आणि माणसे बरोबर घेतली, ते मूर्ख होते असे म्हणणे सोपे आहे. परमुलखात कुटुंब मागे ठेवावे इतका भरवसा त्यांना कोणाचाच वाटला नाही, हे अधिक खरे. भरवसा नसला की ओझे वाढते आणि वाढलेले ओझे शेवटी चालणेच अशक्य करते.

१६/
आता एक अवघड प्रश्न. ओझे नक्की कोणाच्या डोक्यावर? कंपनी सरकारचे आणि पुढे इंग्रज सरकारचे साहेब मुलखात फिरतीवर निघत, तेव्हा डेरेदांडे, पलंग, मेज, खुर्च्या सारे बरोबर असे. ते साहेबाच्या पाठीवर नसे. गाड्या, बैल आणि गावोगावची माणसे ते वाहत. अनेकदा वेठीने, म्हणजे मोबदल्यावाचून किंवा नावापुरत्या मोबदल्यावर.

कोकणात खोताच्या घरी वेठ होतीच. १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले, त्यामागे या वेठीची वेदनाही होती. जुन्या प्रवासवर्णनांतील सुखसोयींची यादी वाचताना ती उचलणाऱ्याचे नाव त्यात नसते, हे ध्यानात ठेवावे.

१७/
आणि आता त्या पाण्याकडे. १९०१ साल. साताऱ्याहून चार मुले आगगाडीने निघाली. त्यांत नऊदहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीचे मुलगे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीस. त्यांच्याकडे सुट्टीला जायचे. मुलांची तयारी उत्तम होती. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे, बरोबर जेवणाचा डबा, खिशात पैसे. आजच्या कोणत्याही यादीत ती तयारी उत्तीर्ण झाली असती.

१८/
मसूर स्थानकावर घ्यायला कोणी आले नव्हते. पत्र वडिलांच्या हाती वेळेवर पडले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. गाडीवानांपैकी कोणी तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. वाटेत जे पाणी दिसले ते चिखलाशेणाचे. रात्री जकातनाक्यावर मुलाने आपण मुसलमान असल्याचेही सांगून पाहिले. पाणी मिळाले नाहीच.

डब्यात अन्न भरपूर होते. पाण्यावाचून ते घशाखाली उतरणार कसे? मुले उपाशी झोपली.

१९/
ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ओझ्याच्या इतिहासातले हे पान सर्वांत जड आहे, असे मला वाटते. मुलांची यादी चुकली नव्हती. पाणी विहिरीत होते, घागरीत होते, वाटेवरच्या प्रत्येक घरी होते. 'वाटेवर पाणी मिळेल' हा जो भरवसा इतर वाटसरूंना न बोलता मिळत होता, तो या चार मुलांना नाकारला गेला होता. सदावर्ताच्या आणि आतिथ्याच्या ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो, तिच्या दारावर कोणाला थांबवले जात होते, हे त्या हिशेबात लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

२०/
पुन्हा इन्सुलीच्या रस्त्यावर येऊ. १९५५ चा पावसाळा. गोवा अजून पोर्तुगिजांकडे. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली होती. केशवराव जेधे, जयंतराव तिलक आदी मंडळी तिच्यात होती. १८ मे रोजी ना. ग. गोरे यांच्या तुकडीने हद्द ओलांडली. अटक, मारहाण, दीर्घ शिक्षा, आग्वादचा तुरुंग हे सारे त्यांच्या वाट्याला आले. त्यानंतर तुकड्या जात राहिल्या आणि १५ ऑगस्टला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील हजारो सत्याग्रही एकाच दिवशी अनेक ठिकाणांहून हद्दीत शिरले. बांद्याहून पत्रादेवीकडे जाणारी वाट त्यांपैकी एक.

२१/
त्यांच्या सामानाकडे पाहा. हाती तिरंगा होता, शस्त्र मुळीच नव्हते. पलीकडे बंदुका आहेत हे ठाऊक असताना, अंगरक्षणाची एकही वस्तू बरोबर घ्यायची नाही हा या प्रवासाचा नियम होता. पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल पुढे सरसावले आणि तेथेच पडले. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा हाती असताना गोळ्यांनी जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून आल्या. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

२२/
भरवशाच्या हिशेबात हे उदाहरण बसवणे कठीण आहे. पलीकडच्या बाजूचा कोणताही भरवसा नसताना ही माणसे रिकाम्या हाताने निघाली. त्यांचा भरवसा मागच्या देशावर होता आणि बरोबरीने चालणाऱ्या अनोळखी सोबत्यावर होता. पंजाबचा तरुण आणि सागरची स्त्री यांनी कोकणच्या एका कोपऱ्यातल्या हद्दीवर येऊन उभे राहावे, यासाठी जे बरोबर लागते ते कोणत्याही पाठपिशवीत भरता येत नाही.

२३/
तेव्हा आंबोलीच्या रानात किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर मुक्कामाला निघणाऱ्याने यादी जरूर करावी. पुरेसे पाणी. विजेरी आणि तिचे जादा सेल. कोरड्या कपड्यांचा एक जोड, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. अंगावर घेता येईल असे आणि हात मोकळे ठेवील असे पावसाळी आच्छादन. चाकू, काडेपेटी, दोरी, शिट्टी, नेहमीची औषधे. जळवांसाठी चिमूटभर मीठ. सोबत्यांत वाटून घेता येईल ते वाटून घ्यावे. चौघांत एकच पातेले पुरते.

२४/
यादी झाल्यावर मात्र तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. जे मी घेत नाही, ते वाटेवर कोण देणार आहे? त्याच्या घरात ते पुरेसे आहे का, की माझ्या हलकेपणाची किंमत त्याला पडेल? आणि मला जे सहज मिळेल, ते माझ्या प्रत्येक सोबत्यालाही तितक्याच सहज मिळेल का?

पहिला प्रश्न गोडसे भटजींच्या प्रवासातून येतो, दुसरा चिपळूणच्या छावणीला गेलेल्या पत्रातून आणि तिसरा मसूरच्या स्थानकावरून.

२५/
इन्सुलीच्या नाक्यावर पुढच्या वेळी गाडी थांबली आणि कोणी "आत काय आहे?" असे विचारले, तर त्रासून जाऊ नका. हा फार जुना प्रश्न आहे. वाटसरूच्या पिशवीत जे असते, त्यावरून त्याच्या वाटेवरची माणसे कशी होती ते कळते. आपल्या गावातून जाणाऱ्या वाटेवर कोणाला एक तांब्या पाणी बरोबर घ्यावे लागू नये, एवढे जरी आपल्याला जमले, तरी पुढचा इतिहासकार आपल्याविषयी बरे लिहील.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पायी प्रवासातली एखादी वस्तू जपून ठेवलेली असेल, चंची, पडशी, आकडी, कांबळे, तर तिच्याविषयी खाली अवश्य लिहा.

#धागा समाप्त.